शुगरची गोळी आणि कॅन्सरची धास्ती

‘डॉक्टर, शुगरच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो म्हणे?’ हे विचारायला पेशंट येतो तोवर बहुधा गोळी बंद करून महिना झालेला असतो आणि उपाशीपोटीची साखर अडीचशेच्या घरात गेलेली असते. त्याचा खरा धोका तिथेच सुरू झालेला असतो.

ही भीती अगदीच हवेतली नाही. पायोग्लिटाझोन या औषधाने मूत्राशयाचा कॅन्सर होत असावा, अशा शंकेवरून फ्रान्सने २०११मध्ये ते थांबवलं. आपल्याकडे जून २०१३मध्ये त्याच्यावर बंदी आली आणि काही आठवड्यांतच, पाकिटातल्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर, उठलीही. बंदी सगळ्यांच्या लक्षात राहिली. ती उठल्याचं अनेकांच्या कानावरच आलं नाही. पुढे २०१५मध्ये अमेरिकेतला सुमारे १ लाख ९३ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण ठामपणे वाढलेलं दिसलं नाही, पण थोडासा धोका असूच शकत नाही, असंही त्यातून म्हणता आलं नाही. म्हणून हे औषध मी सरसकट देत नाही. ज्याला त्याचा खरोखर उपयोग आहे, त्याचं बंदही करत नाही.

तुमच्या गोळीत ते आहे का, हे ब्रँडच्या नावावरून कळेलच असं नाही. ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनबरोबर ते एकाच गोळीत येतं. स्ट्रिप उलटी करा, बारीक अक्षरं वाचा. पूर्वी मूत्राशयाचा कॅन्सर झालेला असेल किंवा लघवी एकदा जरी लाल झाली असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून सब्जा पीत बसू नका. जळजळ नाही, दुखत नाही आणि तरी रक्त जातंय, तर ते जास्त काळजीचं. आणि हो, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी पायोग्लिटाझोनची चौकशी जरूर करावी, पण मूत्राशयाच्या कॅन्सरचं त्याहून कितीतरी मोठं कारण त्यांच्या खिशात असतं.

ग्लार्जिन इन्सुलिनवर २००९मध्ये असाच संशय आला होता. साडेबारा हजार लोकांवर सहा वर्षं चाललेल्या चाचणीत कॅन्सर वाढलेला आढळला नाही, तेव्हा ते इंजेक्शन बिनघोर घ्या. मेटफॉर्मिनची गोष्ट उलटी. ते कॅन्सर रोखतं, अशी मोठी आशा होती. स्तनाच्या कॅन्सरपुरती तरी मोठ्या चाचणीने २०२२मध्ये ती फोल ठरवली. शुगरसाठी घ्या, कॅन्सरसाठी नको.

सेमाग्लुटाईडच्या जातीच्या इंजेक्शनांनी उंदरांमध्ये थायरॉईडच्या गाठी झाल्या. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. तरी स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉईडचा ‘मेड्युलरी’ प्रकारचा कॅन्सर झाला असेल, तर ती टाळायची. रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेणाऱ्या मावशींना मात्र हा नियम लागू नाही. त्यांचा आजार वेगळा.

यकृत, स्वादुपिंड, गर्भाशय, मोठं आतडं यांचे कॅन्सर मधुमेहींमध्ये मुळातच जास्त दिसतात, गोळी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. पन्नाशीनंतर नव्यानेच शुगर निघाली आणि खाणंपिणं तेच असूनही वजन झपाट्याने उतरू लागलं, तर स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन करायला हवा का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कधी कधी कॅन्सर आधी असतो, त्यापायी शुगर वाढते, आणि दोष जातो नुकत्याच सुरू झालेल्या गोळीवर.