हा मेंढा विकायला का आला?

लोणंद असो, आटपाडी असो की सांगोला, पैदाशीसाठी मेंढी किंवा मेंढा घ्यायला बाजारात उतरणाऱ्याने जनावराला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे विकायला का आलं? कापायचं जनावर घेताना या प्रश्नाची गरज नसते. त्याचं वजन आणि तब्येत समोर दिसते, व्यवहार तिथेच संपतो. पैदाशीचं जनावर घेताना आपण त्याच्या पुढच्या पिढ्यांसाठी पैसे मोजतो आणि त्या पिढ्या बाजारात उभ्या नसतात. कळपाच्या मालकाला प्रत्येक मेंढीची कुंडली तोंडपाठ असते. कोणती दर सालाला विते, कोणती गाभडते, कोणाच्या कोकराला दूध पुरत नाही, कोणता नर मेंढीवर चढतो पण मेंढ्या फळत नाहीत, हे त्याला कागदाशिवाय सांगता येतं. घेणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. अशा वेळी नकोसं जनावर आधी बाजारात येणार आणि हवंसं वाड्यावर राहणार, हे उघड आहे. यात लबाडी असतेच असं नाही. शहाणा पशुपालक दुसरं काय करेल? म्हणून बाजारातली मेंढी वाड्यावरच्या मेंढीपेक्षा सरासरीने उणी असणार, हे धरूनच भावाला बसावं असं माझं ठाम मत आहे.

याचा अर्थ बाजारात चांगलं जनावर येतच नाही असा नव्हे. दुष्काळात चारा-पाणी संपतं, घरात लग्न निघतं, पोरं नोकरीला लागून कळपामागे फिरायला माणूस उरत नाही, आणि मग चांगली मेंढीही विकावी लागते. हा फरक ओळखता येतो. एकाच मालकाकडे दोन दाती, चार दाती, जुळलेल्या (आठही दात आलेल्या) अशा सगळ्या वयांच्या मेंढ्या असतील, बरोबर कोकरं आणि कळपाचा नर असेल, तर तो कळप मोडतोय आणि अशा ठिकाणी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. उलट चार-पाच मेंढ्या, सगळ्या जुळलेल्या, सगळ्या भाकड, विण्याच्या हंगामात कोकराविना उभ्या असतील, तर उत्तर आपोआप मिळतं. कोकरू सोबत असलं तरी ते तिचंच आहे का, हे पाहावं. थोडं दूर नेऊन मोकळं सोडलं की आई शेपटीकडे हुंगून त्याला कासेला घेते. परकं असेल तर ढुशी मारून हाकलते. ‘गाभण आहे’ या बोलण्यावर, पोट आणि कास स्पष्ट सांगत नसेल तर, जास्तीचा रुपया देऊ नये. पाच महिन्यांच्या गाभणपणातले पहिले दोन-तीन महिने नुसत्या हाताने खात्रीने ओळखणं अवघड असतं.

अंगाची तपासणी करायला वेळ फार लागत नाही, पण ती हाताने करावी लागते. लोकर वाढलेली असली की हडकुळी मेंढीही भरलेली दिसते. शेवटच्या बरगडीमागे कण्यावर अंगठा आणि बोटं दाबावीत. हाडांच्या कडा सुरीसारख्या टोचल्या तर पोटाचा घेर विसरून जावा, कारण बाजारच्या सकाळी मीठ चारून पाणी पाजलं की पोट कुणाचंही गोल होतं. खालची पापणी उलटून पाहावी. ती पांढुरकी असेल आणि जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असेल, तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. पुढचे दात खालच्याच हिरडीला असतात, पूर्ण वाढीत आठ. पहिली जोडी साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास बदलते आणि पुढे वर्षाला एक जोडी असा अंदाज धरता येतो. झिजलेले, फटी पडलेले दात म्हणजे खुरट्या माळावर चरून पोट न भरणारी मेंढी. कासेत घट्ट गाठ लागली तर पूर्वी कासदाह होऊन गेलेला असतो आणि त्या बाजूचं दूध बहुधा गेलेलं असतं. हे दोष स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नयेत. ते पुढे कोकरांच्या मरतुकीतून वसूल होतात.

मेंढ्याच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आणखी वाढतो. एक नर वर्षाला पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो. तीन वर्षं ठेवला आणि दर वर्षी तीस कोकरं धरली तर नव्वद कोकरांत त्याचं अर्धं रक्त जातं. समजा त्याच्यामुळे प्रत्येक कोकरू विक्रीच्या वेळी एकच किलो जास्त भरलं आणि जिवंत वजनाचा दर 400 रुपये धरला, तर 36,000 रुपये होतात. मेंढीची निवड चुकली तर तिच्यापुरतं नुकसान होतं, नराची चुकली तर सबंध कळपाचं. तरीही नराची पारख बहुतेक वेळा चेहऱ्यावर होते. माडग्याळी मेंढ्याचं पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, उंच पाय, लांब मान देखणी असतात, यात वाद नाही. पण पहिल्यांदा हात जायला हवा वृषणांकडे. दोन्ही सारखी, घट्ट, मोकळी हलणारी आणि वयाच्या मानाने मोठी असावीत. खालच्या टोकाला गाठ किंवा सूज लागली तर ब्रुसेलोसिससारख्या संसर्गाची शंका घ्यावी आणि तो नर कितीही उमदा असला तरी सोडून द्यावा. मग चारही पायांची चाल, खुरांमधला वास, आणि खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकतात की पुढे-मागे पडतात ते पाहावं. जबड्याचा हा दोष कोकरांत उतरू शकतो.

‘ज्याला मोठी बोली लागते तो चांगलाच असणार’, असं कुणी म्हणेल. 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला 70 लाखांची मागणी झाल्याची बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लॅनार्कच्या लिलावात ‘डबल डायमंड’ नावाचा टेक्सेल जातीचा नर साडेतीन लाख गिनींना, म्हणजे सुमारे तीन लाख 68 हजार पौंडांना गेला. तो तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचा होता. त्याचं एकही कोकरू जन्मलेलं नव्हतं. हे पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही. अशी बोली लावणारे लोक त्या नराची पिलं पैदाशीचे नर म्हणून महागात विकतात, वीर्य विकतात, आणि नावाचीही किंमत वसूल करतात. ज्याची कोकरं खाटकाला वजनावर जायची, त्याच्या हिशेबात नाकाच्या बाकाला भाव नाही. बकरी ईदच्या आधीच्या बाजारांचंही तसंच. तेव्हा देखण्या, निर्दोष नराला श्रद्धेने पैसे मोजले जातात आणि ते योग्यच आहे. पण पैदाशीचा नर त्या आठवड्यांत घ्यायला जाऊ नये.

दुसरा आक्षेप जाणत्या मेंढपाळांचा असतो आणि तो मी आदराने ऐकतो. पिढ्यान्‌पिढ्यांची नजर आहे, तिला काय कळत नाही? नजरेला पाय, तोंड, कास, चाल कळते, वरच्या सगळ्या खुणा तिनेच शोधल्या आहेत. पण काही गुण अंगावर उमटतच नाहीत. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या बुटक्या गरोल मेंढीतला ‘फेक-बी’ हा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणला. हा जनुक असलेला आणि नसलेला नर शेजारी उभे केले तर कुणालाही ओळखता येत नाही; रक्ताच्या तपासणीतच तो दिसतो. नराच्या लेकींच्या दुधाचंही तेच. नराला दूध नसतं, त्याच्या आईला असतं. म्हणून त्याची आई पाहिल्याशिवाय त्याची पारख अर्धीच राहते.

‘आमच्याकडे नोंदी कोण ठेवतो?’ हा प्रश्न खरा आहे. पण जिथे नोंदी ठेवल्या जातात तिथून नर मिळू शकतो: फलटणची ही संस्था, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा दख्खनी मेंढी प्रकल्प, मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं. ते जमत नसेल तर बाजारात ओळख काढावी, भाव मात्र वाड्यावर जाऊन ठरवावा. तिथे नराची आई, तिची कास, त्याच वर्षीची भावंडं आणि जमल्यास त्याच्या बापाची इतर कोकरं बघायला मिळतात. आई दाखवायला जो मालक तयार नाही, त्याच्याकडून पैदाशीचा नर घेऊ नये. फक्त आपल्याच कळपातल्या नराच्या भावाला पुन्हा घरी आणत नाही ना, एवढं विचारून घ्यावं, कारण नात्यातला मिलाफ वाढला की कोकरं खुरटतात.

नर आणायची वेळही महत्त्वाची. वीर्य तयार होऊन बाहेर पडायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात; वाहतुकीत ताप आला, न्यूमोनिया झाला तर त्याचा फटका तेवढे दिवस पुरतो. म्हणून मेंढ्या माजावर येण्याच्या निदान दोन महिने आधी तो घरी असावा. पहिले तीन आठवडे त्याला कळपापासून अलग ठेवावं. पीपीआर, देवी, लाळ्या-खुरकूत यांची लागण बाजारात झाली असली तर ती बहुधा याच काळात वर येते. फिरस्त्या वाड्याला वेगळा गोठा कुठून आणायचा, असं कोणी विचारेल. गोठा लागत नाही. वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीच्या बाहेर, जिथून वारा कळपाकडे येणार नाही अशा बाजूला, वेगळ्या पाण्यावर आणि वेगळ्या चाऱ्यावर त्याला बांधून ठेवायचं. एकटा नर बावचळतो, म्हणून कळपातली एखादी भाकड मेंढी सोबत द्यावी आणि तिलाही तीन आठवडे परत आत घेऊ नये.