नोव्हेंबरात उपटलेली ब्रोकोली

इंग्लंडात लेस्टरला अलॉटमेंटचा, म्हणजे भाड्याच्या भाजीबागेचा, तुकडा मिळाला त्या पहिल्याच वर्षी मी ब्रोकोलीची आठ धडधाकट झाडं उपटून खताच्या ढिगावर टाकली. एप्रिलमध्ये पेरली, जूनमध्ये वाफ्यात लावली, नोव्हेंबर आला तरी एकाही झाडाला गड्डा नाही. कमरेएवढी उंची आणि नुसती पानंच पानं. खत जास्त झालं, झाडं माजली, असं मी ठरवून टाकलं. पुण्याच्या मंडईतला हिरवा गड्डा म्हणजेच ब्रोकोली, एवढीच माझी ओळख! शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा ढिगाकडे बघून हळहळले. "अहो, ते मार्चचं पीक होतं."

शेडमागचं एक झाड विसरल्यामुळे वाचलं होतं. मार्चमध्ये त्याच्या पानापानाच्या बेचक्यातून करंगळीएवढे जांभळे तुरे फुटले. साठवणीतलं संपत आलेलं आणि नवं काही आलेलं नाही, अशा भाकड दिवसांत हीच भाजी इथल्या बागांना तारते.

आपल्या हिरव्या गड्ड्याला इथे कॅलाब्रीज म्हणतात. तो लावणीनंतर तीनेक महिन्यांत येतो. जांभळ्या फुटव्यांच्या ब्रोकोलीच्या बहुतेक जाती मात्र काही आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय कळी धरत नाहीत. त्यातही रुडॉल्फ लवकरची, हिवाळा सौम्य असेल तर ख्रिसमसच्या सुमारासही तोडायला येते. क्लॅरेट एप्रिलपर्यंत ताटकळत ठेवते. तेव्हा पाकिटावरचा तोडणीचा महिना आधी वाचा, चित्र नंतर बघा. धाकट्या भावाने पुण्याच्या गच्चीसाठी ही जांभळी ब्रोकोली विचारली, तेव्हा त्याला कॅलाब्रीजच लाव म्हटलं. तिथल्या थंडीत जांभळीचं झाड पानांवरच राहायचं.

रोपं ओळखण्याच्या भानगडीत तर मी दुसऱ्या वर्षीही फसले. कोबी, फ्लॉवर, केल, ब्रोकोली ही सगळी एकाच जातकुळीची. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच, बदामाच्या आकाराची. आइस्क्रीमच्या काड्यांवर स्केचपेनने लिहिलेली नावं उन्हापावसात जूनपर्यंत पुसली गेली. पुढे जांभळ्या जातीच्या देठाशिरांवर जांभळी झाक दिसते, पांढऱ्या फुटव्यांच्या जातीचे देठ फिके हिरवे राहतात. पण लाल कोबीही जांभळाच असतो, त्यामुळे रंगावर विसंबू नका. पेन्सिलने लिहा, ती टिकते. शिवाय वहीत वाफ्याचा नकाशा आणि पेरणीची तारीख.

रोपांत दोन फूट अंतर हवंच. बुंध्याची माती टाचेने दाबून घट्ट करा, शरदात काठीचा आधार द्या, नाहीतर वाऱ्यात झाड कलंडतं. आणि जाळी! जानेवारीत कबुतरं पानांच्या नुसत्या शिरा शिल्लक ठेवतात.

तोडताना मधला शेंडा आधी काढा, म्हणजे बाजूचे फुटवे जोर धरतात. पिवळी फुलं उमलण्याआधी, वीतभराच्या आतच कापा. दर चार दिवसांनी तोडत राहिलं तर सहा-आठ आठवडे भाजी मिळते.

उकळू नका मात्र. जांभळा रंग पाण्यात उतरतो आणि तुरे हिरवेगार होतात. लसणाच्या फोडणीवर दोन मिनिटं परतले तरी रंग पुष्कळसा जातोच. पहिल्यांदा ताटात वाढली तेव्हा नवरा म्हणाला, "एवढं वर्षभर थांबून शेवटी हिरवीच?"