गालिच्यावरचा डाग: घासू नका, टिपा

काही सांडलं की घरात एकच आरडाओरडा होतो आणि कुणीतरी ओलं फडकं घेऊन गालिचा खसाखसा घासायला बसतं. बरेचसे डाग सांडण्यानं नव्हे, या घासण्यानं कायमचे होतात. घासलं की रंग धाग्यात खोल उतरतो, डागाचा घेर वाढतो आणि गालिच्याची लव पिंजून निघते. मग डाग गेला तरी तेवढी जागा वेगळी दिसतेच. म्हणून सासूबाईंनी मला दिलेला आणि मी माझ्या सुनेला दिलेला पहिला कानमंत्र हाच: डाग घासायचा नसतो, टिपायचा असतो.

टिपायचं कसं

वरणभात, श्रीखंड, चटणी असं काही घट्ट सांडलं असेल तर ते आधी बोथट चमच्यानं कडेकडून उचलून घ्या. मग जुन्या धोतराचा किंवा पंचाचा तुकडा घ्या. तो पांढराच हवा, कारण रंगीत फडक्याचा रंग गालिच्याला लागू शकतो आणि पांढऱ्यावर डाग किती उतरला ते कळतं. चौपदरी घडी डागावर ठेवा, तळव्यानं जोर देऊन दाबा, दहा आकडे मोजा आणि सरळ वर उचला. चहा सांडला असेल तर फडक्यावर तपकिरी गोल उमटलेला दिसेल. घडी फिरवा, कोरडी बाजू लावा, पुन्हा दाबा. डागाच्या कडेकडून मध्याकडे या, म्हणजे तो पसरत नाही. फडकं कोरडं निघेपर्यंत पाण्याचा थेंबही लावू नका. ताजा डाग निम्म्याहून अधिक इथंच उतरतो.

गालिचा कशाचा आहे ते ओळखा

भदोहीचा लोकरी गालिचा, सुती सतरंजी, तागाचं पायपुसणं आणि बाजारातला कृत्रिम धाग्याचा गालिचा, या चौघांना एकच औषध चालत नाही. ओळखता येत नसेल तर मागच्या बाजूचा किंवा झालरीचा एक सुटा धागा काढा आणि मोरीत, चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांनी चुरडेल अशी राख झाली तर लोकर. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा ताग. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर तो कृत्रिम.

लोकरीला धुण्याचा सोडा, ब्लीच आणि गरम पाणी वर्ज्य. ब्लीचनं लोकर अक्षरशः विरते. तागाला पाणी कमीत कमी लावा, ओला ताग वाळताना तपकिरी पडतो. सतरंजीचा रंग जाण्याची भीती असते. म्हणून कुठलाही उपाय आधी सोफ्याखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. पांढरं फडकं दाबून ठेवा, त्यावर गालिच्याचा रंग उतरला तर तो उपाय सोडून द्या.

कोणत्या डागाला काय

*चहा, कॉफी:* कोमट पाण्यानं टिपा. मग कपभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि टिपा. तपकिरी झाक उरली तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी लावा. चहाच्या डागाला साबणाची वडी मात्र लावू नका, तिनं डाग पक्का बसतो.

*हळद आणि आमटी:* आपल्या घरातला सगळ्यात चिवट डाग हा. हळदीवर साबण किंवा सोडा लावला की डाग एकदम लाल होतो आणि माणसं घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, तीच ही क्रिया. क्षारानं हळद लाल होते आणि आंबटानं पुन्हा पिवळी. तेव्हा व्हिनेगरचं पाणी टिपून डाग आधी पिवळ्यावर आणा. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट किंवा साधं पातळ सॅनिटायझर घेऊन टिपत जा. जवळ गॅस किंवा निरांजन नको आणि खिडकी उघडी हवी. उरलेलं काम उन्हाचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवस सकाळचं ऊन दाखवलं की डाग फिका पडत जातो. भर दुपारच्या उन्हात मात्र गालिच्याचाच रंग उडेल.

*तेल, तूप, निरांजन कलंडणं:* इथं सुरुवातीला पाणी नकोच. टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा, हलकं दाबा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूम क्लीनरनं काढा. पावडर तेलानं ओलसर झालेली दिसली तर पुन्हा नवी पसरा. शेवटी लिक्विड साबणाच्या पाण्यानं टिपा.

*गुलाल, कुंकू, रांगोळी:* गणपतीत आणि हळदीकुंकवाला हा प्रसंग हमखास येतो. कोरडी पूड कोरडीच काढायची. गालिचा उचलून अंगणात किंवा गच्चीवर उलटा झटका, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. पूड गेल्याची खात्री होईपर्यंत ओला हातही लावू नका. गुलालाला पाणी लागलं की त्याचा रंगच तयार होतो.

*रक्त, दूध, अंडं:* फक्त गार पाणी. गरम पाण्यानं यातली प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्याला धरून बसतो.

*लहान मुलाची शू:* भरपूर टिपा, व्हिनेगरचं पाणी लावून पुन्हा टिपा आणि पूर्ण वाळू द्या. मग खायचा सोडा भुरभुरून तासाभरानं झाडा, वास जातो.

*चिखल:* पावसाळ्यात पाय पुसायच्या आत पोरं घरात येतात. ओला चिखल पुसलात तर तो पसरेल. वाळू द्या, खडे होऊ द्या, मग ब्रशनं झाडा. उरलेल्या डागाला साबणाचं पाणी.

*मेण, च्युइंगम:* पिशवीत बर्फ घालून वर ठेवा. कडक झालं की चमच्याच्या कडेनं तुकडे उडवा.

*बॉलपेनची शाई:* स्पिरिटचा बोळा, तोही थेंबाथेंबानं. स्पिरिट वरून ओतलं तर गालिच्याच्या पाठीचा डिंक सुटतो.

वाळवणं हाही उपायच

डाग गेला म्हणून आपण उठतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. याचं कारण मुळाशी राहिलेला ओलावा. वाळताना तो धाग्यातून वर चढतो आणि उरलेला रंग सोबत आणतो. म्हणून शेवटी साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं साबण काढून घ्या. साबण उरला तर त्यावर धूळ चिकटून तिथं नवाच काळपट डाग होतो. मग कोरड्या फडक्याची जाड घडी ठेवून वर पाट आणि त्यावर वजन ठेवा, रात्रभर. सकाळी गालिच्याची ती बाजू दोन खुर्च्यांवर टाकून खालून पंखा लावा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हे चुकवूच नका. ओल राहिली की बुरशी येते आणि तिचे काळे ठिपके चहाच्या डागापेक्षा वाईट. याच कारणासाठी ओल्या डागावर मीठ पसरायची सवय मला पसंत नाही. धाग्यात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं.

हे करू नका

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतू नका. फेस छान येतो, पण दोघंही एकमेकांचा गुण मारून टाकतात. एक वापरा, टिपा, मग दुसरा. व्हिनेगर आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र नकोत, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. रंगीत गालिच्यावर लिंबू पिळू नका, डागाबरोबर नक्षीही फिकी पडेल. आणि रेशमी किंवा हातानं गाठी मारून विणलेला काश्मिरी गालिचा असेल तर टिपण्यापुढं घरी काहीच करू नका. तो जाणत्या धुणाऱ्याकडे द्या आणि कशाचा डाग आहे, घरी काय लावलं होतं, हे त्याला खरं सांगा.

यातलं काहीच महाग नाही. एका डब्यात पांढऱ्या सुती फडक्यांच्या चार घड्या, टाल्कम पावडर, खायचा सोडा, व्हिनेगरची लहान बाटली आणि कापूस भरून ठेवा. स्पिरिट मात्र मुलांच्या हाताला न लागेल असं वरच्या फळीवर. डबा कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांना आणि पुरुषांनाही, कारण सांडतं तेव्हा तुम्ही घरात असालच असं नाही. पहिली पाच मिनिटं ज्यानं नीट टिपलं, त्याला पुढं औषध शोधत बसावं लागत नाही.