जमिनीवर ठणठणीत, हवेत मात्र मिसिंग

प्रश्न : कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, हे वाचल्यापासून मला हौशी विमानबांधणीचं वेड लागलं आहे. अमेरिकेत काही जण अशा विमानात माझ्दा मोटारीचं रोटरी इंजिन बसवतात. ते जमिनीवर नीट चालतं आणि हवेत मिसिंग मारतं, असं का होतं? दोष शोधतात कसा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा दोष खुद्द इंजिनात नसतो. माझ्दाच्या १३बी इंजिनात प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन त्रिकोणी रोटर असतात आणि ते एका दांड्याला फिरवतात. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं, सिलिंडरांसकट गरगरणारं नोम इंजिन ते हे नव्हे.) मोडण्यासारखं आत फार थोडं आहे. पण मोटारीतून काढलेल्या या इंजिनाभोवतीचा रेडिएटर, पेट्रोलची वाट, एक्झॉस्ट, वायरिंग हे सगळं बांधणाऱ्याला नव्यानं करावं लागतं, आणि कटकटी तिथेच निघतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी बाहेरचं सगळं तपासून संपवावं, असं माझं ठाम मत आहे.

आता जमीन आणि हवा यांतला फरक. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे कंप्युटर एका तक्त्यावरून ठरवतो. तक्त्याच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधला दाब. प्रत्येक चौकटीतला आकडा बरोबर बसवणं म्हणजे ट्यूनिंग. विमानाची शेपूट खुंट्याला बांधून इंजिन चालवलं, की प्रोपेलरचा भार आरपीएमबरोबर ठरल्यासारखा वाढत जातो. त्यामुळे तक्त्यातल्या एका तिरप्या ओळीपुरत्याच चौकटी तपासल्या जातात. तासन्‌तास चालवा, बाकीच्या कोऱ्याच राहतात. उड्डाणानंतर उतरण्यासाठी वैमानिक थ्रॉटल मागे घेतो, पण पाती पक्क्या कोनात बसवलेला प्रोपेलर समोरच्या वाऱ्यानं फिरत राहतो. आरपीएम चढे, मॅनिफोल्डमधला दाब अगदी कमी. या चौकटीत इंजिन पूर्वी कधी गेलेलंच नसतं. तिथला आकडा अंदाजानं भरलेला असतो आणि इंजिन नेमकं धावपट्टीकडे वळताना गचके देऊ लागतं.

यावर उपाय हवेतच होतो. धावपट्टीवर घिरट्या घालत, इंजिन बंद पडलं तरी तरंगत खाली येता येईल एवढ्या उंचीवर राहून, एकेका स्थितीत थोडा वेळ स्थिर उडायचं आणि नोंदी साठवायच्या. आकडे बदलायचे ते खाली उतरल्यावर, आणि एका वेळी एकच बदल. अमेरिकेत इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित नसेल, तर चाचणी-उड्डाणांसाठी साधारण ४० तास ठरवून दिले जातात आणि त्या काळात वैमानिक सहसा एकटा असतो. एका हातानं विमान सांभाळत दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर ट्यूनिंग करणं मला अजिबात मान्य नाही.

मिश्रण लीन की रिच हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, पण १००एलएल या विमानी पेट्रोलमधलं शिसं तो हळूहळू निकामी करतं. तेव्हा दोन्ही रोटरच्या एक्झॉस्टचं तापमान स्वतंत्रपणे मोजणं फार मोलाचं. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, पुढचा आणि मागाहून पेटणारा. एक बंद पडला तरी इंजिन चालतं. मात्र ज्वलन रेंगाळतं आणि त्या रोटरचा एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून एकाच रोटरचं तापमान चढलं तर प्लग, कॉइल किंवा तिथला इंजेक्टर तपासायचा. दोन्ही रोटरच्या कॉइल अदलून-बदलून लावायच्या. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या रोटरकडे गेला, तर गुन्हेगार सापडला. दोन्ही रोटर एकदम ढेपाळले, तर दोघांच्या सामाईक गोष्टींकडे वळायचं, म्हणजे पेट्रोल, वीज आणि हवा.

पेट्रोलची बाब उन्हाळ्यात जास्त त्रास देते. टाकी पंखात खाली, पंप वर इंजिनाच्या शेजारी, असं असेल तर पंपाला पेट्रोल ओढावं लागतं. ओढीनं नळीतला दाब घटतो, काउलिंगखालची उष्णता त्यात भर घालते आणि पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं. मोटारीचं पेट्रोल विमानी पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं. पंप टाकीजवळ आणि खालच्या पातळीला बसवले की ही तक्रार बहुधा संपते.

रोटरीचा एक्झॉस्ट दट्ट्याच्या इंजिनापेक्षा जास्त गरम असतो, कारण बाहेर पडतानाही वायू जळतच असतात. साध्या मफलरमधले पडदे त्या धगीनं तुटतात आणि बाहेरची वाट अडवतात. आरपीएम चढत नाहीत, इंजिन गेलं असं वाटतं, आणि शेवटी मफलर हलवल्यावर आत पत्रा खुळखुळतो.

गरम होण्याची तक्रार मुख्यतः वर चढताना येते, कारण तेव्हा पूर्ण ताकद लागते आणि वेग कमी असतो. इथे तेलाकडे दुर्लक्ष करू नये. रोटर आतून तेलानंच थंड होतात आणि एकूण उष्णतेचा साधारण एक-तृतीयांश भाग तेल वाहून नेतं. रेडिएटर मोठा करण्याआधी त्याच्या पुढचा आणि मागचा हवेचा दाब पाण्याच्या नळीनं मोजावा. हवा आत शिरते, पण बाहेर पडायला जागाच नाही, असं पुष्कळदा आढळतं. इंजिन एकदा फार तापलं असेल आणि आता कूलंटच्या टाकीत बुडबुडे दिसत असतील किंवा सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर येत असेल, तर आतली पाण्याची सीलं गेली आहेत.

हे सगळं निर्दोष निघालं तरच कॉम्प्रेशन तपासायचं. गेजमधला अडवणारा व्हॉल्व्ह काढून स्टार्टर फिरवला की प्रत्येक रोटरचे तीन ठोके सुईवर दिसतात. रोटरच्या टोकाचं एक सील दोन शेजारी कप्प्यांना वेगळं ठेवतं, म्हणून तीनपैकी दोन ठोके कमजोर आणि एक जोमदार असेल तर टोकाचं एक सील तुटलेलं असण्याची शक्यता मोठी. पेट्रोलचा अवेळी स्फोट, म्हणजे नॉकिंग, हे त्याचं नेहमीचं कारण. दट्ट्या जे थोडंफार सोसतो ते हे सील सोसत नाही. तिन्ही ठोके सारखेच मंद असतील, तर रोटर ज्यात फिरतो त्या घराचा (हाउसिंगचा) आतला पृष्ठभाग झिजला असावा. साठीच्या दशकात केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या माझ्दाच्या अभियंत्यांनी या पृष्ठभागावरच्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचे व्रण म्हटलं होतं आणि सीलाचा पदार्थ बदलून त्यांच्यावर मात केली. यांतलं काहीही आढळलं, तर इंजिन विमानातून उतरवून उघडावंच लागतं. घर ओरखडलेलं असेल, तर नुसतं सील बदलून भागत नाही.