फाइल उघडली पाहिजे

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, आणि दिवाळी आटोपली की मंडईची पत्रकं. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा; त्या दिवसांत गावोगाव दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं आणि रात्रभराची नाटकं असतात. पत्रक परवा वाटायचं असतं आणि माणूस आज दिवेलागणीला दुकानात येतो. अशा धंद्यात ‘तुमचं आवडतं सॉफ्टवेअर कोणतं’ हा प्रश्नच चैनीचा वाटतो. जे चालतं ते वापरायचं. तरी आता माझं बहुतेक काम मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं, आणि आवडीच्या आधी त्यामागे धास्ती होती. ती कुठून आली ते सांगतो, कारण तुमच्या कपाटातही तसंच काहीतरी पडून असण्याची शक्यता बरीच आहे.

साकोलीकडचे एक निवृत्त गुरुजी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत कविता लिहितात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आणि साहित्याला उभारी दिली, संमेलनं भरू लागली, तेव्हा आमच्या भागातले कितीतरी शिक्षक लिहिते झाले, गुरुजी त्यांतलेच. त्यांचा संग्रह बऱ्याच वर्षांपूर्वी छापला गेला होता. दुसरी आवृत्ती काढायची म्हणून ते जुनी सीडी घेऊन आले. ज्यानं अक्षरजुळणी केली होती त्याचं दुकान केव्हाच बंद झालेलं. सीडीतलं एक फोल्डर तर वाचताच येईना. बाकीच्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या होत्या, आणि ते आता कुणाच्याच संगणकावर नव्हतं. मजकूर दिसला तेव्हा कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. गुरुजी म्हणाले, “अजी भाऊ, माह्याच कविता न मलेच वाचता येत नाई?”

हे का होतं ते समजून घ्या. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करण्याची युक्ती अशी होती की फॉन्ट बनवणारा इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचा. संगणकाच्या दृष्टीनं तो मजकूर इंग्रजीच; अंगावर चढवलेला फॉन्ट तेवढा मराठी. तो फॉन्ट हरवला की मराठीही हरवली. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणजे एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या मजकुराला लागत नाही. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, तो फॉन्टवर अवलंबून नाही. देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमध्ये आहे, पण आमच्या छपाईच्या धंद्यानं युनिकोड मनावर घ्यायला फार उशीर केला. अजूनही काही ठिकाणी घेतलेलं नाही.

गुरुजींचं काम निभावलं ते लिबरऑफिसमुळे. पत्रं आणि हिशेब करण्याचं हे मोफत पॅकेज बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यातला ‘ड्रॉ’ हा भाग कोरलड्रॉच्या फाइली वाचतो आणि 2015 च्या 4.4 आवृत्तीपासून पेजमेकरच्याही, हे डीटीपीवाल्यांनाही ठाऊक नसतं. मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो. तो मग परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा. इथे सावध राहायला हवं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. परिवर्तक योग्य फॉन्टसाठीचाच हवा, आणि तरीही ओळन् ओळ वाचावी लागते. वाचणाराही तोलूनमापून निवडा. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. पुण्याच्या पुस्तकांवर वाढलेल्या एका मुलानं मोठ्या मायेनं अख्खा संग्रह शुद्ध करून ठेवला, आणि तो पुन्हा बोलीत आणायला मूळ कामाहून जास्त वेळ गेला.

जे फोल्डर मेलं होतं त्यातल्या कविता छापील पुस्तकावरून परत मिळाल्या. पानं 300 डीपीआयला स्कॅन केली आणि टेसरॅक्टमधून काढली. टेसरॅक्ट म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करून देणारी प्रणाली. ती मुळात एचपीच्या प्रयोगशाळेत घडली, 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे गूगलच्या पाठबळानं वाढली. मराठीसाठी तिची वेगळी फाइल उतरवावी लागते. ती न घेता चालवलं तर इंग्रजीचाच चिवडा निघतो. स्वच्छ छपाईवर ही प्रणाली चांगली वाचते. जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र डोळ्यांनी तपासा.

या सगळ्यातून माझा प्राधान्यक्रम ठरला: आधी फाइल, मग सॉफ्टवेअर. मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात असेल तर उद्या कोणतंही दुकान बंद पडलं, कोणतीही कंपनी बुडाली, तरी बिघडत नाही. लिबरऑफिसचं स्वतःचं ओडीएफ हे स्वरूप 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते कसं वाचायचं हे जाहीर आहे. म्हणून प्रत्येक पुस्तकाची त्याच स्वरूपातली एक ओडीटी प्रत, एक पीडीएफ आणि वापरलेला फॉन्ट असं तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवून मी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. फॉन्टही देता यावा म्हणून खुल्या परवान्याचेच वापरतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, गूगलचा नोटो, आणि पुस्तकासाठी तिरो देवनागरी मराठी, ज्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ असलेली मराठी लग्नपत्रिका मला अजूनही खटकते. गिऱ्हाइकाला खटकत नाही, हे कबूल.

लिबरऑफिस नव्यानं वापरणारे एका गोष्टीवर हमखास अडतात आणि सोडून देतात: फॉन्ट बदलला तरी मराठी बदलत नाही. कारण त्यात इंग्रजीचा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा ठेवलेला असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा, तिथे मराठी निवडा, आणि स्टाइलमध्ये त्या रकान्यातला फॉन्ट व आकार ठरवा. एकदाच करायचं काम आहे. दुसऱ्याला फाइल पाठवताना दस्तऐवजाच्या गुणधर्मांत फॉन्ट सोबत जोडायची खूण करा, म्हणजे त्याच्याकडे पानं हलत नाहीत.

आता चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल. आमच्या बाजारपेठेत महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून फिरतं आणि त्यासोबत क्रॅकची फाइल. तिच्या सूचनांत पहिली ओळ ठरलेली असते: अँटिव्हायरस बंद करा. ओळखीच्या एका सेवा केंद्रात ही सूचना पाळली गेली. काही दिवसांनी सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर पैशाची मागणी. गिऱ्हाइकांचे दाखले, फोटो, सही केलेले कागद, सगळं गेलं. बॅकअपची डिस्क संगणकालाच लावलेली होती, तीही गेली. पैसे भरून फाइली परत मिळतील याची हमी कुणी देत नाही. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा, एवढं तरी आजपासून करा.

मुक्त सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे हा धोका टळतो असं मात्र नाही. नाव शोधलं की वर जाहिरात येते, हिरवं मोठं बटण दिसतं, आणि हुबेहूब दिसणारं भलतंच काहीतरी उतरतं. खरे पत्ते लिहून भिंतीला चिकटवा. लिबरऑफिस डॉट ऑर्ग, गिम्प डॉट ऑर्ग, इंकस्केप डॉट ऑर्ग. व्हीएलसीचा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग असा आहे, त्यात व्हीएलसी हे नावच नाही. सेव्हन-झिपच्या पत्त्यात सात आणि झिप यांच्या मध्ये आडवी रेघ आहे आणि शेवटी डॉट ऑर्ग; रेघ चुकली की दुसऱ्याच दारात. 2022 मध्ये काही महिने व्हिडिओलॅनची साइट भारतातून उघडतच नव्हती. तेव्हा मिळेल तिथून व्हीएलसी उतरवलेलं असेल तर ते काढून नव्यानं घ्या.

रोजच्या कामात मी काय वापरतो ते थोडक्यात. फोटो साफ करायला गिम्प, पत्रिका आणि बॅनरची आखणी इंकस्केपमध्ये, पुस्तकाची पानं स्क्रायबसमध्ये, नाटकाच्या जाहिरातीचा आवाज भोंग्यासाठी कापायला ऑडॅसिटी, पासवर्डांसाठी कीपास. ब्राउझर फायरफॉक्स. सगळ्यात जास्त जीव स्क्रायबसवर. ते हट्टी आहे, बटणं जुनाट वाटतात, पण चार रंगांच्या छपाईला लागणारी पीडीएफ नीट देतं, आणि इंकस्केप तिथेच कमी पडतं. नागपूरचा प्रेसवाला फोनवर पहिलं वाक्य बोलतो, “कोरलची फाइल पाठवा.” वाद घालू नका. सीएमवायके म्हणजे चार रंगांमधली, फॉन्ट जोडलेली किंवा अक्षरं कर्व्ह म्हणजे रेषांत बदललेली पीडीएफ पाठवा आणि एक प्रूफ मागा. प्लेट त्यावरूनही निघते. फ्लेक्सवाल्याचं तर पीडीएफवर सहज भागतं.

जुन्या संगणकांचं काय, हा प्रश्न सध्या फार येतो. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि विंडोज 11 जुन्या यंत्रांना घेत नाही. धडधाकट संगणक भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स मिंट लावून पाहा, तीही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पेनड्राइव्हवरून, संगणकावरचं काहीही न पुसता चालवून बघता येते. लिबरऑफिस, फायरफॉक्स त्यात आधीच असतं. टायपिंगची परीक्षा रेमिंग्टनवर दिलेल्यांनी घाबरू नये. इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि रेमिंग्टन तिन्ही कळपट्ट्या लावता येतात.

पण पेनड्राइव्हवर चालवतानाच प्रिंटर लावून एक पान काढा. आपल्याकडे दर दुसऱ्या दुकानात दिसणारा छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतो. आणि आपले सरकार सेवा केंद्र चालवत असाल तर मुख्य संगणकाला हात लावू नका. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, काही सरकारी पोर्टलं आणि टॅली यांना सहसा विंडोजच लागतं. विंडोज ठेवून त्यावर लिबरऑफिस, व्हीएलसी, गिम्प चालवलं तरी चालतं. ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं सांगणारे उत्साही लोक भेटतात. त्यांच्या दुकानासमोर दाखल्यांची रांग नसते. केंद्र सरकारनं मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण 2015 मध्येच जाहीर केलं, केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात, पण आमच्याकडे तालुक्याच्या कार्यालयातून येणारा नमुना अजूनही जुन्या फॉन्टमध्ये असू शकतो. त्याला तयार राहायचं.

शिकवणार कोण, ही अडचण आता राहिलेली नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस, गिम्प, इंकस्केपचे धडे मराठी आवाजात आहेत. दहा-दहा मिनिटांचे, फुकट, उतरवून ठेवून नेटशिवाय बघता येणारे. दुकानात नवा मुलगा आला की मी त्याला आधी तेच बघायला लावतो, मग माऊस देतो.

राहता राहिलं शब्दांचं काम, आणि ते माझ्या एकट्यानं होण्यासारखं नाही. लिबरऑफिसचा शब्दतपासनीस झाडीबोलीचा जवळजवळ प्रत्येक शब्द तांबड्या रेघेत दाखवतो. शब्दावर उजवी टिचकी मारून तो आपल्या शब्दकोशात घातला की रेघ जाते, आणि हे शब्द एका साध्या मजकुराच्या फाइलीत साठतात. ती कुणालाही देता येते. गुरुजींच्या संग्रहातून तयार झालेली अशी यादी माझ्याकडे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत बोलीत लिहिणाऱ्यांनी आणि त्यांची पुस्तकं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांनी आपापल्या याद्या जमवाव्यात, एकमेकांना द्याव्यात. तुमच्याकडच्या जुन्या सीड्या मात्र त्याआधी कॉपी करा, कारण त्या वाचणारे ड्राइव्हच आता नव्या लॅपटॉपात येत नाहीत.