स्कॅनर घेण्याआधी

चि. मृणाल हिस,


दवाखान्याचं कर्ज मंजूर झालं हे वाचून बरं वाटलं. त्याच कर्जात तोंडात फिरवायचा डिजिटल स्कॅनरही बसवावा का, असं तू विचारलं आहेस. विक्रेता म्हणतो, आत्ता नाही घेतला तर मागे पडाल. मी म्हणेन, या बाजारात थांबणाऱ्याचं आजवर फारसं काही बिघडलेलं नाही.

झुरिकच्या विद्यापीठात मोरमान आणि ब्रान्देस्तिनी यांच्या सेरेक यंत्रानं बनवलेलं पहिलं इन्ले १९८५ साली रुग्णाच्या दातात बसलं. तेव्हा कॅमेऱ्याला दात नीट दिसावा म्हणून त्यावर पांढरी पावडर फवारावी लागे. पुढे पावडर गेली, रंगीत चित्र आलं, वायरही गेली. किमती मात्र बरीच वर्षं चढ्याच होत्या. २०१८ मध्ये कोरियाच्या मेडिटनं आय-५०० हा स्कॅनर स्वस्तात आणला, चीनची शायनिंग थ्रीडीही त्या स्पर्धेत आहे, आणि भाव उतरले. कोलोनला दर दोन वर्षांनी दंतवैद्यकाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे नवं मॉडेल आलं की जुन्यावर सवलतीचे फोन सुरू होतात. म्हणून खरेदी करायचीच झाली, तर त्या सुमारास कर.

पण भाव उतरले म्हणून कंपन्या उदार झाल्या असं समजू नकोस. कमाईच्या वाटा आता इतरही आहेत: सॉफ्टवेअरची वर्गणी, स्कॅनरच्या टोकाला लावायच्या टिपा, वॉरंटी आणि दात सरळ करणारे अलाइनर. इन्व्हिजलाइनवाल्या अलाइननं २०११ मध्ये आयटेरो स्कॅनर बनवणारी कॅडेंट कंपनीच विकत घेतली. हिशेब असा, की स्कॅन आपल्या यंत्रावर झाला की अलाइनरची ऑर्डरही आपल्याकडेच येण्याची शक्यता वाढते. पुढे ट्रायॉस स्कॅनर बनवणाऱ्या थ्रीशेपशी वाद झाला आणि २०१८ पासून अमेरिकेत ट्रायॉसवरचे स्कॅन इन्व्हिजलाइनसाठी घेणं अलाइननं बंद केलं. यंत्र उत्तम चालत होतं, पण त्या एका कामापुरतं डॉक्टरांच्या उपयोगाचं राहिलं नाही. तेव्हा स्कॅनची एसटीएल फाइल जादा पैसे न भरता काढता येते का, वर्गणी थांबवली तर जुने स्कॅन उघडतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घे. तोंडी 'हो मॅडम'वर जाऊ नकोस.

म्हैस घेताना धार काढून बघतात, तसा डेमो तूच घे. विक्रेता प्लास्टिकच्या मॉडेलवर मिनिटभरात अख्खा जबडा काढून दाखवील, ते बघून भुलू नकोस. खरा रुग्ण बसव, वरची शेवटची दाढ निवड. गालाच्या आत टिप वळते का, दाढेची मागची बाजू येते का, ते बघ. मार्जिन हिरडीखाली असेल, लाळ किंवा रक्त असेल, तर कॅमेऱ्याला दाताची ती कड दिसणार नाही. रिट्रॅक्शन कॉर्ड घालून जागा कोरडी करायचं काम स्कॅनर आला तरी तुलाच करायचं आहे. शिवाय स्कॅनर छोटी छोटी चित्रं एकाला एक जोडत जातो. एका कॅपला त्यातली चूक नगण्य असते, पण अख्ख्या जबड्यावर ती साठत जाते. पूर्ण कवळीसाठी हलणाऱ्या मऊ हिरडीचं माप घ्यायला ट्रे आणि मापाचं साहित्य अजून हाताशी हवंच. टिप किती वेळा ऑटोक्लेव्ह करता येते आणि नवी कितीला पडते, तेही विचार. स्कॅनरला जोडायच्या लॅपटॉपला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, तो खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

त्याआधी तुझ्या लॅबवाल्याशी बोल. तो फाइल घेतो का आणि मॉडेल छापायचे वेगळे पैसे लावतो का? बऱ्याच लॅबकडे टेबलावरचा स्कॅनर असतो. तू ट्रेमध्ये पुट्टी भरून घेतलेलं माप पाठवलंस, तरी पुढचं काम डिजिटल होऊ शकतं. पहिले सहा महिने एक वही ठेव: महिन्याला किती कॅप, किती ब्रिज, किती मापं परत आली. हप्ता त्या आकड्यांतून निघत असेल, तर जरूर घे. पुट्टीनं उमळणारे रुग्ण तुला दुवा देतील.

निघत नसेल, तर थांब. हप्ता डोक्यावर असला की भरून भागणारी दाढही कॅपची वाटू लागते, आणि कापलेला दात परत येत नाही. मशिनपायी आपल्या हातून तसं घडू नये, एवढंच माझं मागणं.

कोटेशन आलं की पाठव, बारीक अक्षरातल्या अटी मी वाचून देतो. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका