साखर आणि रक्तवाहिन्या : पाय रोज का बघायचे?

मी वॉर्डात नोकरीला असताना एक मावशी तळपायाची जखम घेऊन आल्या. खिळा रुतून चार दिवस झाले होते. "दुखलंच नाही ताई, चपलेला रक्त दिसलं तेव्हा कळलं," म्हणाल्या. मधुमेह बारा वर्षांचा. शेवटी दोन बोटे काढावी लागली.

असे का होते? रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे पातळ अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि आत गुठळी सहज धरत नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळीसुद्धा हाच वायू पुरवते. या वायूचे काम शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळाले.

साखर सतत वाढलेली राहिली की हा वायू कमी पडतो. शिवाय साखर वाहिन्यांच्या भिंतीतल्या प्रथिनांना चिकटते आणि भिंती कडक होतात. बारीक वाहिन्या बिघडल्या तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि नसा खराब होतात. मोठ्या वाहिन्या अरुंद झाल्या तर हृदयविकार, लकवा आणि पायाला रक्त कमी पडणे. मावशींच्या नसा बधिर होत्या म्हणून दुखले नाही. रक्त पुरेसे पोचत नव्हते म्हणून जखम भरली नाही. बिडी, तंबाखू, मिश्री यांनी वाहिन्या आणखी आकसतात.

हे लक्षात ठेवा :

१. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. दिसत नसेल तर आरसा धरा किंवा मुलांना बघायला सांगा.
२. घरातही चप्पल घाला. कुरूप ब्लेडने कापू नका. पाय शेकू नका.
३. दर ३ ते ६ महिन्यांनी एचबीएवनसी तपासा. मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर त्यात कळते. बहुतेकांची ७ टक्क्यांच्या खाली असावी. तुमचा आकडा डॉक्टरांना विचारा.
४. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना तपासून घ्या. बीपी सांभाळा.
५. बरे वाटते म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

जखम, फोड, काळा डाग दिसला तर हळद लावून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेहात न दुखणारी जखम जास्त धोक्याची असते.